पातळ रक्ताची चिवट माणसं

नव्वदच्या सुमाराला जळगावात आमच्या सरांनी आतड्याची दुर्बीण आणली आणि नर्स म्हणून माझी ड्युटी त्या खोलीत लागली. पेशंट बरे होऊन जायचे, किस्से मात्र माझ्याच डोक्यात मुक्कामाला!

काम साधं. मोठ्या आतड्यात मांसाचा कोंब वाढतो, त्याला पॉलिप म्हणायचं. तारेच्या फासाने तो कापायचा. भीती पुढेच! आठवडा उलटला तरी खपली निघून रक्त वाहू शकतं, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असली की जास्तच. म्हणून सरांचा पहिला प्रश्न, "गोळ्या कोणत्या चालू?"

सावद्याचे केळीवाले नाना छातीठोकपणे म्हणाले, "एकपण नाही!"

बायकोने पिशवीतून हार्टच्या गोळ्यांची पट्टी काढली. नाना चिडले, "अगं, ती रोजचीच! तिला काय औषध म्हणतात?"

तेव्हापासून सर आधी बायकोला विचारायचे.

*

भुसावळचे एक रिटायर्ड ड्रायव्हर. हार्टमध्ये धातूची झडप. ऑपरेशन म्हणून गोळी स्वतःच्याच मनाने बंद करून आले! सर भडकले, "झडपेवर रक्ताची गाठ धरली असती म्हणजे?"

"घेतली तर रक्त वाहणार, सोडली तर गाठ होणार. मग माणसाने करायचं काय?"

"माझं ऐकायचं!"

*

धुळ्याकडच्या आबांनाही तशीच झडप. पॉलिप काढला, गोळी पुन्हा सुरू झाली. सरांनी बजावलं, "मी सांगेपर्यंत जळगाव सोडायचं नाही."

पण श्रावण! घरी कानबाई, आमची खानदेशची देवी, बसणार. तिच्या नैवेद्याचे रोट भाऊबंदांनी घरातच बसून खायचे, बाहेर न्यायचे नाहीत. सकाळी बघते तर आबांची कॉट रिकामी!

मी आणि अक्का, म्हणजे आबांची बायको, स्टँडवर धावलो. आबा धुळ्याच्या एस.टी.त खिडकीशी बसलेले. अक्का सरळ गाडीपुढे जाऊन उभी राहिली.

कंडक्टर ओरडला, "बाई, बाजूला व्हा!"

"पहिले तेस्ले उतारा!" अक्काने आबांकडे बोट दाखवलं.

आबांनी खिडकीतून डोकं काढलं. "अवं, कानबाईना रोट शेतस! मी घरमा नही तं कसं चाली?"

"कानबाई दरसाल येस. तुम्हीन परत येशात का?"

 मग मागून कुणीतरी म्हणालं, "उतरा ना आबा!" आबा पुटपुटत उतरले.

परत येऊन तासभर झाला असेल नसेल, आबांना संडासातून भळाभळा रक्त जायला लागलं. ती गाडी तेव्हा अर्ध्या वाटेत, पारोळ्याच्या आसपास असणार.  सरांनी तिथल्या तिथे दुर्बीण घातली, रक्त थांबवलं, वर रक्ताच्या बाटल्या चढवल्या. अक्का दाराशी उभीच. स्टूल दिलं तरी बसली नाही, डोळ्यांतून टिपूस नाही.

संध्याकाळी आबांनी डोळे उघडले. अक्काकडे बघत राहिले.

"कानबाईले सांग," ते म्हणाले, "पुढला साल येसू."