एफ एट दाबलं आणि अण्णांची वाट गेली

मंडळी, दुपारपासून कशातच लक्ष लागत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

आमच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, आहुप्याच्या रानातल्या झऱ्याची वाट मला सांगितली होती. मी ती त्यांच्याच आवाजात कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून ठेवलेली. अण्णा दिवाळीत गेले.

आज ती फाईल नव्या डिस्कवर टाकताना कॉपी अर्ध्यातच अडकली. म्हटलं, अर्धी पुसून पुन्हा करू. कमांड टाइप करायचा मला कंटाळा, म्हणून मंचरच्या मित्राकडून फाईली हलवायचं-पुसायचं निळ्या स्क्रीनचं टूल घेतलेलं. डावीकडे जुना फोल्डर, उजवीकडे नवा, दोन्ही सारखेच दिसतात. सवयीने एफ एट, म्हणजे पुसायचं बटण, दाबलं, एंटर दाबलं. कर्सर डावीकडे होता; मूळ फाईलच पुसली गेली.

मित्राला फोन केला. तो म्हणाला, "पुसायला तरी कमांड वापरायची व्हती ताई. नाव टाइप करताना मानूस दोनदा बघतो."

उरलेली अर्धी कॉपी लावून ऐकली. अण्णा म्हणतात, "मोठ्या हिरड्यापाशी थांब पोरी, आन् मंग..."

फाईल आहे म्हणून मी त्यांच्यासोबत कधी गेलेच नाही. हिरड्यापासून पुढची वाट तुमच्यापैकी कुणाला ठाऊक आहे का?