फाईलमध्ये न लिहिलेलं वाक्य

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडले आणि हा विषय मनात आला, की मला नेमकी निरांजनातली वात सारखी करायची आठवण होते — म्हणजे बघा, देवालाही चकवत आले.

धुळ्यातल्या एका बालगृहात मी बावीस वर्षं कागदपत्रांचं काम पाहिलं. मुलांना न्हाऊ-खाऊ घालणाऱ्या मावश्या वेगळ्या, माझ्याकडे फायली. मुलांपेक्षा फायली बऱ्या, रडत नाहीत, असं मी हसत म्हणायचे. काय तोंड होतं माझं!

तारा आमच्याकडे आली तेव्हा चारेक वर्षांची असेल. दोंडाईचा स्टेशनवर बाकड्यावर एकटी बसलेली सापडली. नाव आम्हीच ठेवलं, कारण ती बोलतच नव्हती. पोलीस, बालकल्याण समिती, वर्तमानपत्रात फोटो — सगळं रीतसर झालं. फोटो छापला तो धुळे आवृत्तीत. दोंडाईचा धुळे जिल्ह्यात, म्हणून धुळे. तेव्हा त्यात कुणाला काही चुकीचं वाटलं नाही, मलाही नाही. मुदत संपली, कुणी आलं नाही, पालक सापडत नाहीत असा पोलिसांचा अहवाल आला आणि समितीने तिला 'टाकून दिलेलं मूल' म्हणून दत्तक द्यायला मोकळी ठरवलं.

मग परदेशातलं एक जोडपं तिला घ्यायला तयार झालं. आमच्या संस्थेतून परदेशी जाणारं हे पहिलंच मूल. अहो, त्या फाईलने माझ्या नाकी नऊ आणले! वयाचा दाखला दिला, तर म्हणे शिक्का पुसट आहे. शिक्का आणला, तर फोटो जुना झाला. नवा फोटो लावला, तर भाषांतराच्या एका पानावर नोटरीची सहीच नाही. तीनदा फाईल परत आली आणि तीनदा मी ती पहिल्या पानापासून उभी केली. संस्था चालवणाऱ्या अक्का सगळ्यांसमोर म्हणायच्या, "हे काम हिच्याशिवाय कुणाच्या बापाला जमायचं नाही." मला ते ऐकायला आवडायचं. फार आवडायचं.

शेवटी कोर्टाची तारीख लागली. त्या दोघांनी विमानाची तिकिटंसुद्धा काढली. एकदाचं घोडं गंगेत न्हालं म्हणायचं — आणि त्याच आठवड्यात तारा बोलली.

इथेच माझी जीभ अडते. थांबा, सांगते.

दुपारची वेळ होती. तिने सगळ्या मुलांच्या उशा गोळा केल्या होत्या. टॉवेलची चुंबळ करून एकेक उशी डोक्यावर घ्यायची, खोलीच्या टोकाला न्यायची आणि अलगद, एकीला एक लावून ठेवायची. उशी आपटली की स्वतःच्याच गालावर चापट मारून घ्यायची. मावश्या हसत होत्या. मी नाही हसले. माझं माहेर जळगाव जिल्ह्यातलं, रावेरकडचं, केळीवाल्यांचं. घड वाहून ट्रकमध्ये रचणाऱ्या बायका मी जन्मापासून पाहिलेल्या. घड आपटला की मुकादम कसा खेकसतो, तेही ऐकलेलं. दोंडाईच्याकडे मिरची, तिथलं पोर हा खेळ कुठून शिकणार?

मी तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि माझ्या माहेरच्या बोलीत विचारलं — माय कुठं गेली तुझी? लग्न झाल्यापासून धुळ्यात मी ती बोली तोंडातून काढली नव्हती. लाज वाटायची. तिने वर पाहिलं. चटकन म्हणाली, "माय पानी आनाले उतरली. गाडी निंघून गेली."

एवढंच बोलली. पुन्हा उशीकडे वळली.

म्हणजे हिला कुणी सोडलेलं नव्हतं. ही हरवली होती! भुसावळकडून सुरतेला जाणारी गाडी, मधलं कुठलंतरी स्टेशन, नळावरची गर्दी — त्या गाडीने मी शंभरदा गेले असेन. कुठे शोधायचं ते मला त्या क्षणी कळलं होतं. जळगाव आवृत्तीत एक फोटो. रावेर, यावल, चोपड्याच्या पोलीस ठाण्यांना तीन फोन. आणि कोर्टाला एक अर्ज, की थांबा.

शांता मावशी दारात उभी होती. तिनेही ऐकलं. "ताई, हाई लिखनं पडी ना?" तिने विचारलं — हे लिहावं लागेल ना? मी म्हणाले, "पोरं काहीही बोलतात." ती बिचारी बादली उचलून गेली.

कोर्टाला द्यायच्या शेवटच्या अहवालात एक रकाना होता — मुलाला पूर्वीच्या कुटुंबाविषयी काही आठवते का? मी लिहिलं, 'नाही.' चांगल्या अक्षरात लिहिलं.

का लिहिलं? पोरीचं भलं होईल म्हणून? छे. ते कारण मी पुढे शोधलं, झोप यावी म्हणून. त्या दिवशी डोक्यात दोनच गोष्टी होत्या. फाईल चौथ्यांदा उभी करायचा कंटाळा — आणि अक्कांनी ठरवलेला माझा सत्कार. कंटाळा आणि शाल. एका बाईचं लेकरू मी यासाठी समुद्रापार पाठवलं. शाल मिळाली, टाळ्याही मिळाल्या.

माहेरी अजून जाते. रस्त्याकडेला केळीचे ट्रक भरत असतात, बायका वाकून घड रचत असतात. मी गाडीच्या दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघते. तिची माय किती दिवस त्या स्टेशनवर बसली असेल? कुणाकुणाच्या पाया पडली असेल? 'आमची हद्द नाही' असं तिला किती जणांनी सांगितलं असेल? मला आमच्या खात्यांची रीत ठाऊक आहे, म्हणून हे सगळं मला अगदी स्पष्ट दिसतं.

मागच्या हिवाळ्यात तारा आली. सतरा वर्षांची, उंच, आईवडिलांबरोबर. अक्का आता नाहीत. शांता मावशी गावी गेलेली. ते सगळं माहीत असलेली मी एकटीच टेबलामागे होते. तिने फाईल पाहिली, स्वतःचा लहानपणीचा फोटो पाहिला. मग इंग्रजीत, अगदी हळू, मला समजावं म्हणून एकेक शब्द सुटा करत विचारलं — माझ्या आईने मला टाकून दिलं होतं का?

तेव्हा बोलता आलं असतं. कुणी थांबवलं नव्हतं. कुणी मला फासावर देणार नव्हतं.

मी म्हणाले, "फाईलमध्ये तसंच आहे."

तिने मान हलवली. डोळे पुसले. निघताना, कुणीतरी शिकवलं असावं, ती माझ्या पायाशी वाकली. मी पाय मागे घेतले नाहीत. "सुखी राहा" म्हणाले.