पोफळीवरची मुलगी

डिसेंबरातला दुसरा रविवार. अंगणात सुपारी सोलत होते, पण डोक्यात कालचं प्रदर्शन होतं. माझी शाळेतली मैत्रीण चित्रं काढते, कविता लिहिते. झाडं आणि बायका हेच तिचे विषय. मी पहिल्यापासून तिचा हेवा करते. काल श्रीवर्धनच्या वाचनालयात तिच्या एका चित्रापुढे गर्दी होती: उंच पोफळीवर चढलेली परकरातली मुलगी.

आमच्याकडे सुपारी उतरवायला पुरुषच चढतात. बाराव्या वर्षी मी चढले आणि आईचा मार खाल्ला. चित्रातल्या मुलीला मात्र नाक मैत्रिणीचं होतं.

तेवढ्यात तीच फाटकातून आली.

"कसं वाटलं गं चित्र?"

"तू कधी चढलीस?"

"अगं, ती आपल्यातली कुणीही बाई आहे."

"मी चढले तेव्हा बाकीच्या सगळ्या खाली उभ्या होत्या. तू तर रडत होतीस."

ती हसली. "मग आता चढून दाखव. तुझं नाक काढते."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडी खोचली, पायांत दोरीचं कडं अडकवलं आणि विहिरीजवळच्या बुटक्या पोफळीवर चढून एक घड उतरवला. तिला बोलावलं नाही.