शेवटची गाडी साडेपाचची

झेरॉक्सच्या ताज्या कागदाचा वास आला की मला बीडमधलं आमच्या महाविद्यालयाचं ग्रंथालय आठवतं. ते रात्री दहापर्यंत उघडं राहावं म्हणून आम्ही पत्रकं वाटली, तीन दिवस दारात बसलो आणि मागणी मान्य करून घेतली. घोषणांनी घसा बसला होता, पाय दुखत होते, तरी पहिल्या दिवशी पाच वाजता मी मिरवतच आत गेलो. युसूफ वडगाव या गावाहून येणारी वर्गातली एक मुलगी घाईघाईने संदर्भग्रंथातून टिपणं काढत होती. तो ग्रंथ घरी नेता येत नसे. "निवांत लिही की, आता दहापर्यंत उघडं हाय," मी म्हणालो. तिने मानही वर केली नाही. "आमची शेवटची गाडी साडेपाचला हाय, पुढारी. सकाळी आठला उतरते मी, अन् तुमचं दार उघडेपर्यंत दोन तास पायरीवर बसते. सकाळचं मागायचं कुणाच्या डोक्यात आलं न्हाई का?" ती उठली, अर्धवट राहिलेला ग्रंथ परत केला आणि कागद पिशवीत कोंबले. आमच्याच पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर तिने लिहिलं होतं. साडेपाचनंतर वाचनकक्षात उरलो आम्ही चौघे, चौघेही वसतिगृहातले. आजही पत्रकं लिहितोच, पण पहिली ओळ लिहायच्या आधीच थकल्यासारखं होतं. समोरच्याची गाडी कितीची, हे अजून विचारायचं राहिलेलं असतं.