शेवटच्या साइजचा क्रँक

लाल दिवा लागला तेव्हा माझ्या तोंडात अर्धा पेढा होता.

तोपर्यंत सगळं बरोबर चाललं होतं. बाबांनी सेल मारल्याबरोबर इंजिन सुरू झालं, ऑइलचा दिवा लगेच विझला आणि मिस्त्रीमामांनी पेढ्यांचा पुडा सोडला. नवीन बांधलेलं इंजिन सुरू झालं की ते दिसेल त्याला पेढा देतात, मग तो रस्त्याने चाललेला का असेना. दहा मिनिटं झाली असतील. मी सहज गाडीत डोकावले आणि तो दिवा पाहिला. आधी मिणमिणता, मग स्थिर.

"बंद कर! आधी बंद कर!" मामा ओरडले. बाबांनी चावी फिरवली. पेढा गिळायचं मला कितीतरी वेळ सुचलं नाही.

बाबा जाफराबाद ते भोकरदन काळीपिवळी जीप चालवतात. आमचं घर तिच्यावर चालतं आणि माझं कॉलेजही. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. मी जालन्याला मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत जीपचं इंजिन खोलायचं निघालं तेव्हा मीच बाबांना म्हटलं, मलाही मामांच्या हाताखाली राहू द्या. मामा म्हणजे बाबांचे जुने मित्र, सख्खे मामा नव्हेत. भोकरदन रोडला त्यांचं पत्र्याचं गॅरेज आहे.

ते मला हसले होते. "या इंजिनेर बाई. पण हितं पुस्तक उघडायचं न्हाई. तेलाचे डाग पडत्यात."

इंजिनातला क्रँक हा मुख्य दांडा. तो बेअरिंगच्या दोन वाट्यांमध्ये फिरतो. पण खरं तर तो वाट्यांना टेकत नाही. मध्ये तेलाचा पातळ थर असतो आणि पंपाच्या दाबाने तो टिकून राहतो. दाब गेला की लोखंड लोखंडावर घासतं. क्रँकवर ओरखडे पडले तर लेथवर घासून तो गुळगुळीत करतात. त्याने दांडा थोडा बारीक होतो आणि तेवढ्या जाड वाट्या बसवाव्या लागतात. असं काही वेळाच करता येतं. जुन्या जालन्यातल्या लेथवाल्या चाचांनी या वेळी क्रँक हातात देताना बाबांना सांगितलं होतं, "ये आखरी साइज है. इसके बाद गाडी भंगारवालेकोच दिखाव."

म्हणून तो दिवा पाहिल्यावर काय जाणार आहे ते तिघांनाही माहीत होतं.

मामांनी आधी सोपं धरलं. "दिव्याचं बटन खराब असंल." त्यांनी दिव्याला खबर देणारा तो छोटा स्विच बदलला. सेल मारला. दिवा तसाच. पाच सेकंदांत बंद.

मग त्या स्विचच्या जागी नळी जोडून खरा काट्याचा गेज लावला. मला काट्याकडे बघायला बसवलं.

"सांगत राह्य. मी म्हणलो की बाबा बंद करंल."

इंजिन सुरू झालं. "दीड किलो," मी म्हणाले. "सव्वा. एक. पाऊण, मामा, पाऊण—"

"बंद!"

थंड तेल घट्ट असतं, त्यामुळे सुरुवातीला थोडा दाब दिसतो. गरम होऊन ते पातळ झालं की खरं कळतं. गरम इंजिनाला, नुसतं उभं असताना, निदान एक किलो तरी पाहिजे. आमचा काटा गरम व्हायच्या आधीच खाली चालला होता. पुढचे दोन दिवस आम्ही असंच करत राहिलो. काहीतरी एक बदलायचं, सेल मारायचा, मी आकडे मोजायचे आणि वीस-तीस सेकंदांत बंद. पंपाच्या दाबाचा व्हॉल्व काढून धुतला, त्याची स्प्रिंग नवीन घातली. फिल्टर बदलला. दर वेळी इंजिन सुरू व्हायचं तेव्हा मला वाट्यांचा विचार यायचा आणि माझे दात आपोआप आवळले जायचे. बाबा चावी इतकी हळू फिरवायचे की जणू त्याने काही फरक पडणार होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मामांनी चेंबर उतरवलं. चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाची तेलाची कढई. पंपाची जाळी तिथे असते. जाळीत घाण अडकली असेल असा त्यांचा अंदाज होता. जाळी स्वच्छ होती. पण तळाच्या तेलात बोट फिरवताना त्यांना काहीतरी लागलं. त्यांनी ते कापडाने पुसून उजेडात धरलं. आट्यांचं छोटंसं बूच, करंगळीच्या पेराएवढं.

"हे कुठून आलं?"

बाबा वाकून बघू लागले. मला वाकायची गरज नव्हती.

क्रँकच्या सगळ्या बेअरिंगांना तेल पोचवणारा एक लांब बोगदा ब्लॉकच्या पोटातून जातो. त्याच्या पुढच्या टोकाला हे बूच असतं, इंजिनाच्या पुढच्या झाकणाआड. मामा ब्लॉक डिझेलने धुतात आणि बोगद्यात जोरात हवा मारतात, बस्स. बूच ते काढत नाहीत. त्यांच्या उभ्या आयुष्यात त्यांनी ते काढलेलं नाही, त्याची गरजच पडली नाही. पण आमच्या सरांनी वर्कशॉपमध्ये सांगितलं होतं की बूच काढून आतून ब्रश फिरवल्याशिवाय बोगदा स्वच्छ होत नाही. मामा एका बंद पडलेल्या ट्रॅक्टरसाठी केदारखेड्याला गेले होते त्या दुपारी मी एकटीच ब्लॉक धूत होते. मी बूच काढलं. ब्रशाबरोबर काळ्या खळीसारखी घाण बाहेर आली. मला इतका आनंद झाला की काय सांगू. मामांना सांगायचं नाही असं ठरवलं. इंजिन छान चाललं की मग सांगायचं. बूच बोटांनी परत फिरवून बसवलं आणि ते आवळायची एलन की शोधायला उठले. तेवढ्यात मामा आले. "पोरी, पिस्टन धर जल्दी," म्हणाले.

त्यानंतरचं मला आठवत नव्हतं. मी परत जाऊन ते आवळलं की नाही? दोन दिवस मी स्वतःला सांगत होते, आवळलं असेल. आता ते मामांच्या बोटांत होतं.

"पहिल्याचं कोणाचं असंल," मामा म्हणाले. "आधीच्या मिस्त्रीनं काही टाकलं असंल तळाला." आणि त्यांनी ते जुन्या नटबोल्टच्या डब्यात टाकलं.

मी बोलले नाही. हे लिहिताना मला त्याचं कारण शोधायचं होतं, पण चांगलं कारण सापडत नाही. मला वाटलं, मामांना अजून दुसरं काही सापडेल. मला हेही वाटलं की ते बूच खरंच दुसऱ्या कशाचं असेल. आणि बाबा माझ्या शेजारीच उभे होते. गावात कोणी विचारलं की ते सांगायचे, "पोरगी स्वतः इंजिन बांधून राह्यली."

मामांचा संशय आता लेथवर गेला. क्रँक प्रमाणापेक्षा जास्त घासला गेला तर वाट्या सैल पडतात आणि तेल बाजूने निसटतं. त्यांनी चाचांना फोन लावला, स्पीकरवर.

"चाचा, मशिनला मोतीबिंदू झाला का तुमच्या? किती घासला क्रँक?"

"जितना बोला उतना. मेरा माप बराबर है," पलीकडून शांत आवाज आला. "तेरा हाथ ढिल्ला हुआ होगा. उमर हो गई."

"गेजवर काटा टिकत न्हाई. दोन दिवस झाले."

"मैं फोन पे कैसा मानूं? गाडी चालू कर, गरम कर, काटा दिखा मेरेको. व्हिडिओ लगा. काटा गिरा तो क्रँक वापस ला, दुकान का बोर्ड उतार देता मैं."

"बोर्डच उतरवायचा हाये ना? दावतो मंग!" मामांनी फोन बंद केला. त्यांचे कान लाल झाले होते.

चाचांकडे ते पोरवयापासून काम नेतात. त्यांच्यात असं बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं, आणि ते माझ्यामुळे चाललं होतं. तरीही मी चेंबरला पॅकिंग लावायला त्यांना मदत केली, तेल भरायला नरसाळं धरलं.

बाबा म्हणाले, "गरम करायची म्हंजे किती वेळ चालू ठेवायची?"

"दहा-बारा मिनिटं."

"अन् तेवढ्यात काही झालं तर? शेवटचा साइज हाये."

मामा म्हणाले, "झालं तर मी हाये ना. पण चाचाला दावल्याबिगर तो मानायचा न्हाई, अन् क्रँक त्याच्याकडं गेल्याबिगर तुझी गाडी निघायची न्हाई. दुसरा रस्ता सांग."

बाबा जाऊन सीटवर बसले. मामांवर त्यांचा विश्वास आहे. व्हिडिओ लागला. मामांनी फोन गेजसमोर धरला आणि दुसरा हात वर केला. मला "थांबा" म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं पण आवाज आला नाही. असं मला वर्गातही होतं. मी बॅटरीजवळ उभी होते. टेस्टिंगसाठी वायरी नुसत्या अडकवलेल्या होत्या. मामांचा हात खाली आला आणि मी वायर ओढून काढली.

चावी फिरली. काहीच झालं नाही.

"काय झालं?" बाबा आतून म्हणाले.

"मी काढली वायर." आता आवाज आला, नको इतका मोठा. "सुरू करू नका. डब्यातलं बूच या इंजिनाचं आहे. मी काढलं होतं धुताना. आवळायचं राहिलं."

मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग डब्याकडे. फोन अजून चालू होता. "कौन बोल रहा? क्या बोली?" चाचा विचारत होते. मामांनी फोन पालथा ठेवला.

"कुठलं बूच?"

मी बोट दाखवलं. पुढच्या झाकणाआड, बोगद्याच्या टोकाला.

"ते काहून काढलं?"

"आतून साफ करायला."

"मला सांगितलं न्हाई."

"नाही."

"अन् सकाळी म्या हातात धरून इचारलं, हे कुठून आलं. तू हितंच उभी व्हती."

मी मान हलवली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते स्टुलावर बसले आणि कापडाने हात पुसत राहिले, स्वच्छ झाल्यावरही. बाबा गाडीतून उतरले नाहीत. काचेतून ते माझ्याकडे बघत होते, आणि मला त्यांच्याकडे बघता आलं नाही.

थोड्या वेळाने मामा उठले. "चेंबर उतरव."

पुन्हा तेल काढलं, चेंबर उतरवलं, पुढचं झाकण खोललं. बोगद्याचं टोक उघडं होतं, गोल भोक, त्यातून तेलाचा ओघळ खाली आलेला. पंप ओढत होता ते सगळं तेल इथूनच परत तळाला पडत होतं. मामांनी मधल्या एका बेअरिंगची टोपी, म्हणजे खालची वाटी धरणारा तुकडा, सोडली, क्रँक पुसला आणि त्यावरून अंगठ्याचं नख आडवं फिरवलं. एकदा, दोनदा. ओरखडा असता तर नख अडकलं असतं.

"अडकत न्हाई," ते म्हणाले. "पण एका टोपीवरून सगळ्याचं सांगता येत न्हाई."

बूच माझ्या हातात देऊन त्यांनी एलन कीही दिली. मी आट्यांना सील लावून ते आवळलं, मग त्यांनी ते माझ्यानंतर तपासलं. मग म्हणाले, "आता अजून काय काय खोललं व्हतं, सगळं सांग. काही ठेवू नको."

मी सांगत गेले. पिस्टनवर तेल उडवणारे फवारे मी काढून बसवले होते. पंपाचे दोन बोल्ट. जाळीच्या नळीचा बोल्ट. प्रत्येक नावाला मामा तिथे पाना लावायचे, जोर द्यायचे, "हं" म्हणायचे. एक बोल्ट पाव आटा फिरला. त्यांनी तो आवळला आणि पुढचं नाव विचारलं. हे चालू असताना बाबा कधीतरी आमच्या मागे येऊन उभे राहिले होते.

ऊन कलल्यावर सेल मारला. काटा चारवर गेला. मी आकडे म्हणत होते पण कोणी विचारलं नव्हतं. पाचव्या मिनिटाला साडेतीन. दहाव्या मिनिटाला तीन. इंजिन गरम होत गेलं, काटा उतरत गेला आणि दर वेळी मला वाटायचं, आता नाही थांबणार. पाऊण तास झाल्यावर तो दोनच्या जरा खाली येऊन थबकला आणि तिथेच राहिला. दिवा विझलेलाच होता.

मामांनी चाचांना फोन लावला. "चाचा, माप तुमचं बराबर व्हतं. चुकी माझ्या गॅरेजातली."

"मामा, द्या," मी म्हणाले आणि फोन घेतला. "चाचा, चूक माझी होती. बूच मी सैल ठेवलं. त्यांना माहीत नव्हतं."

चाचांनी विचारलं, "कितने बार चालू किये उसके बाद?"

"सहा-सात वेळा. थोडा थोडा वेळ."

"फोन इंजिन को लगा. नीचे, क्रँक के बाजू. और चूप रहो सब."

मी गुडघ्यावर बसून फोन ब्लॉकजवळ धरला. गरम वाफ तोंडावर येत होती, हात दुखायला लागला. वाट्यांना इजा झाली असेल तर खालून टकटक येते, हे मला माहीत होतं. मला ती ऐकू येत नव्हती, पण माझ्या ऐकण्यावर आता माझाच भरवसा नव्हता. मामांनी पेटवलेली बिडी तशीच बोटांत धरली होती. बाबांनी चाचांच्या सांगण्यावरून अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबला, सोडला, पुन्हा दाबला.

"बजता नै," चाचा शेवटी म्हणाले. "लेकिन हजार किलोमीटर तक लोड मत डालो. आधी सवारी बिठाव, पूरी नै."

बाबांनी इंजिन बंद केलं. खाली उतरून त्यांनी जीपचं मागचं दार उघडलं आणि समोरासमोरच्या दोन बाकांपैकी एक उलटून ठेवला, म्हणजे त्यावर कोणी बसणार नाही.