बुक्कीभाऊची पांदण

बुक्कीभाऊला राग आला की आधी टेबलाला कळायचं, मग आम्हाला. अकोल्याच्या आमच्या खोलीत धड टेबल उरलं नव्हतं. आईवडिलांनी नाव शांताराम ठेवलं होतं. माणसाचा अंदाज चुकतो कधीकधी.

मोबाइलवरून शेतातली मोटार चालू-बंद करायचा प्रोग्राम बुक्कीभाऊने, नीलेशने आणि मी लिहिला आणि खुला ठेवला. कोणीही तो आतून पाहावा, सुधारावा, वाटावा. धामणगावपासून लोक दुरुस्त्या पाठवायचे. जो लिहील त्याचा तुकडा त्याच्याच हक्काचा, हा बुक्कीभाऊचा नियम. म्हणजे पुढेमागे कोणाला प्रोग्राम बंदिस्त करायचा झाला तर प्रत्येकाची सही लागणार.

या नियमामागे त्याच्या गावची पांदण होती. शेतात जायची ती सगळ्यांची वाट, आणि दर पेरणीला कोणीतरी तिच्यात नांगर घालायचा. ती मोकळी ठेवताना त्याच्या वडिलांचा डोळा कुऱ्हाडीच्या दांड्याने गेला. "खुलं म्हनलं म्हनून खुलं रायते काय बे? नांगर घालनारा घरचाच रायते!" की टेबलावर बुक्की. मला त्याची भीती वाटायची आणि त्याच्यावर माझा जीवही होता. वहिनीला बहुधा नुसती भीतीच वाटत असावी. तिच्या घरात न चेपलेलं पातेलं मी पाहिलं नाही.

नांगर नीलेशनेच घातला. एका कंपनीला प्रोग्राम हवा होता, पण बंद करून. नीलेश गुपचूप सह्या गोळा करत फिरला आणि बहुतेकांनी दिल्याही. माझा तुकडा किरकोळ, तो वगळूनही भागलं असतं. मोटार जळू न देणारा गाभा मात्र बुक्कीभाऊचा होता.

त्याला कळलं तेव्हा त्याने नीलेशची कॉलर धरून नाकावर बुक्की हाणली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. नीलेशने लोखंडी खुर्ची उचलून त्याच्या जबड्यावर घातली. दोघांना मीच एका ऑटोत कोंबून दवाखान्यात नेलं, तर तिथेही लाथा चालूच. रक्त थुंकत बुक्कीभाऊ म्हणाला, "सही देत नाई. जाय!"

जबडा पुन्हा नीट बसला नाही. गेल्या उन्हाळ्यात रसवंतीवर कोणाशीतरी भांडताना तो कोसळला आणि गेला.

तेरवीला नीलेश आला. वाकडं नाक पुसत तो रडला, आणि ते रडणं खरं होतं. मग त्याने खिशातून कागद काढला. बुक्कीभाऊच्या मागे त्याच्या तुकड्याची मालकीण आता वहिनी होती.

"वैनी, तुमची येक सही झाली का झालं. आता भांडाले कोन हाये?"

माझी मूठ वळली. मी उठलोच होतो, पण वहिनीने मला हाताने खाली बसवलं. कागद तिने वाचलासुद्धा नाही, घडी घालून नीलेशच्या खिशात परत ठेवला.

"या घरात फुटाचं ते सारं फुटलं, नीलेशभाऊ," ती म्हणाली. "हे येकच त्याईनं धड ठेवलं. ते मी नाई फोडू देत. चाला, पानं वाढली हायेत, जेवून घ्या."