पाठीवरच्या गुंड्या

"तुमच्या उजव्या फुप्फुसाभोवती पाणी झालंय," डॉक्टर एक्स-रे दिव्यासमोर धरून म्हणाले. "प्लुरल इफ्यूजन. बहुतेक टीबीचं. आजच पाठीतून सुई घालून काढायला हवं, नाहीतर फुप्फुस दबत जाईल."

मी विचारलं, "शर्ट काढावा लागेल का?"

"अर्थातच."

मी "आलोच" म्हणालो आणि एक्स-रेचं पाकीट काखेत मारून सटकलो. छातीत पाणी घेऊन पळणारा माणूस तुम्हाला भैताड वाटेल. वाटू द्या, पण आधी ऐका.

मी नागपूरचा. इकडे कानडी मुलखात, इलेक्ट्रॉनिक सिटीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो, बोम्मसंद्र्याला एका मित्राबरोबर खोली घेऊन राहतो. घरच्यांनी बारसं मुलगी म्हणून केलं होतं. मी ट्रान्स पुरुष आहे. दाढी आली, आवाज बदलला, पण आधार कार्डावर अजून जुनंच नाव आहे. छाती सपाट दिसावी म्हणून बाइंडर घालतो. बाइंडर म्हणजे एक प्रकारची घट्ट बनियन.

पहिली चूक आमचीच. तीन महिने मला कोरडा खोकला होता. श्वास घेतला की बरगडीत कळ यायची, संध्याकाळी अंग तापायचं. आमच्या ट्रान्स पोरांच्या ग्रुपवर विचारलं, तर सगळ्यांचं एकच उत्तर, "बाइंडर सैल कर बे." आम्हाला छातीतलं प्रत्येक दुखणं बाइंडरचंच वाटतं. मीही एक नंबर मोठा मागवला आणि खोकत बसलो. वजन उतरलं तेव्हा तर खूशच झालो, गाल बसून चेहरा पुरुषी दिसायला लागला म्हणून! सांगा आता.

मग सर्जापूर रोडवरच्या एका दवाखान्यात गेलो. हार्मोनची इंजेक्शनं घेतो म्हणाल्यावर तिथल्या डॉक्टरांनी स्टेथोस्कोप छातीला लावलाच नाही. "आधी ते बंद करा. निसर्गाशी खेळलं की असंच होतं." खोकल्याला निसर्ग जबाबदार! चोर सोडून संन्याशाला फाशी. शी!

शेवटी मोठ्या हॉस्पिटलात एक्स-रे काढायला गेलो. तिथल्या माणसानं बाइंडर काढायला सांगितला, ते बरोबरच होतं. पण कागदावरचं नाव वाचून त्यानं माझ्या दाढीकडे पाहिलं, दार उघडलं आणि आणखी दोघांना आत बोलावलं. मी उघड्या अंगानं मशीनला छाती टेकून उभा. "पहले ये बताओ, तुम हो क्या?" एक जण हसला. हसण्याच्या नादात "श्वास रोखा" म्हणायचं राहिलं, म्हणून सगळं पुन्हा एकदा.

म्हणून तो शर्टचा प्रश्न. म्हणून पळालो.

दोन दिवस खोलीत पडून राहिलो. तिसऱ्या दिवशी आंघोळीचा तांब्या उचलताना धाप लागली, तेव्हा मित्रानं रत्ना अक्काला फोन केला. अक्का ट्रान्स बाई आहे, पन्नाशीची. इथल्याच जुन्या मराठी घरातली. घरानं तिला टाकलं, पण तिथली कानडी मिसळलेली मराठी तिच्या तोंडात तशीच आहे. आमच्यातलं कुणी हॉस्पिटलात निघालं की ती पिशवी घेऊन हजर होते. तिचा नेमच आहे, एक जण खाटेपाशी, एक जण नाव नोंदवायच्या खिडकीपाशी. खिडकीपाशी अशासाठी, की जुनं नाव सगळ्यांदेखत ओरडलं जाऊ नये.

"मरायचंय काय रे तुला?" आल्या आल्या तिनं झापलं.

"मरेन, पण शर्ट काढणार नाही."

"काढ म्हणतंय कोण? उलटा घाल की!" तिनं पिशवीतून एक ढगळ निळा शर्ट काढला. "बाइंडर घरी, गुंड्या पाठीवर. सुई पाठीत. छाती तुझी तुझ्यापाशी. सरी? ठीक आहे ना?"

एवढं सोपं होतं ते!

हॉस्पिटल तेच. मित्र खिडकीपाशी उभा राहिला, अक्का माझ्यापाशी. याला बायकांच्या वॉर्डात ठेवायचं की पुरुषांच्या, यावर नर्स आणि वॉर्डबॉय तासभर माझ्यासमोर घोळ घालत होते. मी व्हीलचेअरवर धापा टाकतोय आणि मी कपाट असल्यासारखं ह्यांचं कुठं ठेवायचं तेच ठरत नाही!

"तुम्ही स्वल्प बाहेर जाऊन भांडा," अक्का कडाडली. "पाणी काढायला वॉर्ड लागत नाही, सुई लागते."

ते ऐकून ड्युटीवरची एक तरुण डॉक्टर बाहेर आली. मला स्टुलावर बसवलं, पुढच्या टेबलावर उशी ठेवून त्यावर हात टेकायला लावले. पाठीवरच्या गुंड्या बघून ती क्षणभर थांबली. मी डोळे मिटले.

"छान," ती म्हणाली. "मला पाठच हवी होती."

याला प्लुरल टॅपिंग म्हणतात. जागा बधिर करतात, मग दुखत नाही, नुसता दाब जाणवतो. बाटलीत पिवळसर पाणी जमत गेलं. किती तरी दिवसांनी श्वास तळापर्यंत गेला आणि मी भोकाड पसरलं. तपासणीत टीबीच निघाला. सहा महिने गोळ्या घेतल्या. लघवी नारिंगी होते, घाबरू नका. आता बरा आहे.

ऑफिसात म्हणतात, "किती खंबीर आहेस रे!" खंबीर व्हायची हौस कुणाला असते? आजारी माणसानं आधी शर्टाचा विचार करावा, याची मला किळस येते. औषधानं टीबी गेला, ही किळस गेली नाही. जाऊही नये.

शर्ट धुऊन, इस्त्री करून अक्काला परत द्यायला गेलो. तिनं घेतला नाही. "ठेव. आता तुझी पाळी."

गेल्या आठवड्यात ग्रुपवर कुणीतरी विचारलं, "तीन आठवडे खोकला आहे. बाइंडर सैल करू का?"

मी लिहिलं, "पत्ता पाठव. शर्ट घेऊन येतो."